नाव तेवढं झाकलं होतं

त्या माणसाला शिक्षा व्हावी म्हणून मी आयुष्यात दुसऱ्यांदा विमानात बसले. खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण खाली बघायची हौस नव्हती. मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं.

तो म्हणजे छापणारा. सरकारची गुप्त कागदपत्रं कुणीतरी चोरून त्याला दिली आणि त्याने ती जगापुढे मांडली. ज्या देशाची कागदपत्रं फुटली त्या देशाला तो हवा होता, पण सापडला दुसऱ्याच देशात. त्याला खटल्यासाठी त्यांच्या ताब्यात द्यायचं की नाही, हे त्या दुसऱ्या देशातलं कोर्ट ठरवणार होतं. अर्ध्या जगाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्याचा चेहरा छापलेले टी-शर्ट घालून पोरंपोरी रस्त्यावर बसत होती. माझ्या नवऱ्याचा पासपोर्टएवढा फोटोसुद्धा कुणी छापला नव्हता.

माझा नवरा कृत्रिम पाय बनवायचा. आमच्या गावाभोवती सुरुंग पेरलेले, त्यामुळे या धंद्याला मरण नाही, असं तोच हसत म्हणायचा. तो साचे करायचा, पट्टे मी शिवायचे. गाव त्याला पायवाला म्हणायचं आणि मला पायवाल्याची. डोंगरातले बंदूकवालेही त्याच्याकडेच यायचे, दुसरीकडे जाणार कुठे? माप घेताना माणूस बोलतो. कुठे पाय गेला, सोबत कोण होतं, परत कधी चढायचंय. ते सगळं माझा नवरा परक्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याला सांगायचा. त्याचा धाकटा भाऊ असाच एका सुरुंगावर गेला होता, आणि त्या भावाला पाय बसवायचीसुद्धा वेळ आली नव्हती. नवऱ्याने तो डाव मनात धरला होता.

अधिकारी औषधांचा विक्रेता बनून यायचा. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. आमच्या ताटात जेवलेला माणूस.

मग कागद फुटले. त्या कागदावर नवऱ्याच्या नावावर काळी पट्टी होती, अगदी नीट, रेघेबाहेर न गेलेली. पट्टीच्या पुढे मात्र शब्द तसेच होते : कृत्रिम पाय बनवणारा, बाजारामागे दुकान. आमच्या अख्ख्या खोऱ्यात पाय बनवणारा एकच होता हो! शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डोंगरातले ते भर दुपारी आले. सर्वांत पुढे जो होता त्याचा डावा पाय आम्हीच केलेला. तो जराही लंगडत नव्हता, इतकं काम चोख झालं होतं. नवऱ्याने त्याला बघून आधी विचारलं, "पट्टा काचतो का?" त्याला वाटलं, दुरुस्तीला आलाय.

त्यानंतर भाऊजींनी मला आणि माझ्या नणंदेला त्यांच्या देशात नेलं, ज्याचे कागद फुटले होते त्याच. दोन खोल्या दिल्या, कागदपत्रं करून दिली. पहिल्याच दिवशी दारात उभे राहून डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, त्याने एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं ना की मला बाहेर काढा, तर मी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवली असती." मी मरणाऱ्यावरच चिडले. कशाला एवढा शूरपणा केलास, म्हणून त्याच्या फोटोशी भांडले. उरलेला सगळा राग छापणाऱ्यासाठी राखून ठेवला.

कोर्टात तो काचेच्या खोलीत बसला होता. मला वाटलं होतं, माजलेला असेल. हा तर फिकट, ढगळ स्वेटरमधला, सारखा नाक पुसणारा. दया यावी असाच अवतार होता, म्हणून मला अजूनच संताप आला. त्याने उभं राहून सांगितलं, "आम्ही प्रत्येक नाव झाकलं होतं. कुणाला इजा व्हावी हा आमचा हेतू नव्हता." आमच्या भाषेत ते माझ्या कानात सांगणारी दुभाषीबाई हे वाक्य बोलली तेव्हा मी दातओठ खात बसले होते.

भाऊजींची साक्ष आधीच झाली होती, पडद्याआडून, आणि ते अजून तिथेच बसून होते. त्यांचं नाव कुणी छापायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. साक्षीदार ब, एवढंच.

मग सरकारी वकिलाने मला उभं केलं. मी सगळं सांगितलं. पट्टा काचतो का, तेसुद्धा. मागच्या बाकावर कुणीतरी रडायला लागलं. सरकारी वकिलाचा चेहरा असा काही खुलला, जणू मुलगी चांगल्या घरी पडली. नणंदेने लांबून मान हलवली, छान बोललीस म्हणून.

छापणाऱ्याचा वकील उठला. म्हातारा, हळू बोलणारा. म्हणाला, "बाई, माझ्या अशिलाने छापलेलं ते पान तुम्ही स्वतः वाचलंय का?"

"त्याच्या छापलेल्याला मी हातही लावणार नाही."

"मग तुम्ही वाचलंत ते काय?"

मी सरकारी वकिलाने दिलेली आमच्या भाषेतली प्रत वर केली. दोन वर्षं उशाशी होती माझ्या. पहिल्या चार ओळी, आणि खाली अर्धं पान भरून काळं.

"हे खालचं काळं माझ्या अशिलाने केलेलं नाही," तो म्हणाला. "हे सरकारने केलंय, तुम्हाला द्यायच्या आधी. छापलेल्या पानावर तिथे मजकूर आहे. वाचू का?"

सरकारी वकील ताडकन उठला. न्यायाधीशबाईंनी त्याला बसवलं. म्हातारा वाचू लागला आणि दुभाषीबाई मागोमाग सांगू लागली. मध्येच ती थांबली, घोटभर पाणी प्यायली, मग पुढे बोलली. "स्रोताने पत्नी व बहिणीसह बाहेर काढण्याची पुन्हा विनंती केली आहे. धोका वाढल्याचे सांगतो. शिफारस : नामंजूर. जागेवरच जास्त उपयोगी."

तारीख कागद फुटायच्या कितीतरी आधीची होती.

"शिफारस लिहिणारा कोण?" म्हाताऱ्याने विचारलं आणि स्वतःच पडद्याकडे हात केला. "साक्षीदार ब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा विनंती. म्हणजे माझ्या नवऱ्याने एकदा नाही, अनेकदा हात पसरले होते, आणि मला काळजी नको म्हणून घरी चकार शब्द काढला नव्हता. आणि मी मेलेल्या माणसाशी भांडत बसले होते, कारण वहिनी वहिनी करणाऱ्या माणसाने केसाने गळा कापला होता.

काचेतला छापणारा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि, खोटं कशाला बोलू, थोडी आशाही. आता ही बाई आपल्या बाजूला येणार असं वाटलं असेल. मी त्याच्याकडे बोट केलं.

"तू डोळे पुस. मला हे कळलं ते तुझ्यामुळे, पण त्याची किंमत माझ्या नवऱ्याने दिली. तुझे आभार मानायला मी आले नाही. नाव झाकलंस आणि माणूस उघडा टाकलास."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "कोर्टाशी बोला. तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

"सांगायचंय. याला पाठवा. पण एकट्याला पाठवू नका. त्या पडद्याआडच्यालाही त्याच पिंजऱ्यात बसवा, मग मी हवं तिथे सही करते."

"साक्षीदार ब यांच्यावरचा खटला या कोर्टापुढे नाही."

"मग कुठल्या कोर्टापुढे आहे?"

त्या समोरचे कागद चाळू लागल्या. वाईट वाटलं असावं त्यांना, पण वाईट वाटण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. सरकारी वकिलाने उभं राहून सांगितलं की ही साक्ष आम्ही मागे घेतो. पट्टा काचतो का, ते सगळं कामकाजातून गेलं. मला शिपायाने हात धरून बाहेर आणलं. छापणाऱ्याचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं, आणि भाऊजींचं कधीच ठरणार नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर कॅमेरेवाल्यांची झुंबड. एकाने ओरडून विचारलं, "तो अधिकारी कोण होता, बाई?"

नणंद कानात कुजबुजली, "वहिनी, नाव घेऊ नकोस. आत टाकतील तुला."

"नाव नाही सांगणार," मी माइकमध्ये म्हणाले. "कोर्टाचा हुकूम आहे. उंच आहे, डाव्या हाताला अंगठा नाही. नोकरी सोडल्यापासून मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. मोठ्या सरोवराच्या उत्तरेला जे गाव आहे ना, तिथे. येताना विमानात त्याने मला घोड्यांचे फोटो दाखवले. त्या गावात घोड्यांची शाळा एकच आहे."

मग सगळ्यांची लिहायची घाई सुरू झाली. ती बातमी जगभर जाणार हे मला ठाऊक होतं. डोंगरातली माणसंही बातम्या वाचतात, आणि भाऊजींच्या सांगण्यावरून ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले, त्यांचे नातेवाईक आता प्रत्येक देशात आहेत.

टॅक्सीत नणंद रडत होती. "अगं, उद्या त्याला कुणी काही केलं तर? घरी बायको आहे त्याची. तुझ्यात आणि त्या छापणाऱ्यात मग फरक काय?"

मी तिचा हात हातात घेतला. रागावले नाही, माझ्या नवऱ्याचीच बहीण ती.

"फरक आहे," मी म्हणाले. "त्याचा हेतू नव्हता. माझा आहे."