आमच्या पुढचे सदतीस

मी कवळ्या बनवते. डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवतात, मी मेणात दात बसवते, आणि बसवता बसवता ते तोंड कुणाचं असेल याचा विचार करत राहते. हा माणूस झोपेत दात खातो, म्हणजे घरात कुणावर तरी राग आहे आणि बोलायची सोय नाही. या बाईनं डाव्या बाजूनं कधी चावलंच नाही, का बरं? माझा नवरा याला भोचकपणा म्हणतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बिघाड सापडला, नीट केला, विषय संपला. मला मात्र लिफ्टमध्ये अडकलेली बाई कुठे निघाली होती ते कळल्याशिवाय घास उतरत नाही.

असल्या बाईला देवानं वाट बघायला लावावं, ही त्याची थट्टाच म्हणायची. मूल दत्तक घ्यायचा अर्ज करून आम्हाला चार वर्षं झाली होती. पहिलं वर्ष मी श्रद्धेनं काढलं, दुसरं हट्टानं, आणि तिसऱ्या वर्षी देवाशी अबोला धरला. चर्चला जायचे, गाणी म्हणायचे, डोळे मिटायचे, पण आत चकार शब्द नाही. नवरा मात्र रोज जेवणाआधी प्रार्थना करायचा आणि शेवटी म्हणायचा, ‘आमच्या बाळाला सांभाळ, ते जिथे असेल तिथे.’ मला त्याचा संताप यायचा. कुठलं बाळ? जन्मलंय तरी का? आणि मग जेवताना मीच विचार करत बसायचे, की जन्मलं असेल तर आत्ता काय करत असेल.

दत्तक कचेरीतल्या अधिकारी बाई सडेतोड. अर्जाच्या तारखेप्रमाणे फायली कपाटात ओळीनं लावलेल्या असतात, जी पुढे तिचा नंबर आधी, यात कुणाची वर्णी लागत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मागच्या खेपेला मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी उठून मोजल्या. आमच्या पुढे सदतीस होत्या. आणि पाच आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, की तुमचा नंबर लागलाय, आठ महिन्यांची मुलगी आहे, फोटो घेऊन जा आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवा.

फोटोतली पोर कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. भुवया उंचावून उजवीकडे काहीतरी न्याहाळत होती, जे फोटोत आलंच नव्हतं. नवरा म्हणाला, ही तर तुझ्यावरच गेलीय. मला हसू आलं, रडू आलं, आणि त्याच दिवशी माझा अबोला सुटला. देवाला म्हटलं, चुकलं माझं. पण डोक्यात किडा वळवळत होताच. सदतीस जण पाच आठवड्यांत गेले कुठे? नवऱ्यानं हात जोडले आणि निदान या एका गोष्टीत तरी नाक खुपसू नकोस म्हणाला. मी खुपसलं नाही. बायबलात आम्हाला शपथ घ्यायची मनाई आहे, नाहीतर घेऊन सांगितलं असतं.

नाक न खुपसताच कळलं. आमच्या चर्चमध्ये रविवारी साक्षीची वेळ असते. देवानं आठवड्यात आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचंय त्यानं उभं राहून सांगायचं. त्या रविवारी भाऊ उभा राहिला. आख्खं चर्च त्याला भाऊच म्हणतं. दत्तक कचेरीत कारकून आहे, स्वभावानं अगदी गरीब गाय, आणि चार वर्षं दर बुधवारच्या प्रार्थनासभेत आमच्यासाठी गुडघे टेकत आलेला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. म्हणाला, महिन्यापूर्वी कपाट पुसत होतो, तेव्हा प्रभूनं मनात घातलं, की अरे, नुसतं मागतोस काय, फाइल तुझ्याच हाताखाली आहे. म्हणून ताई आणि दाजींची फाइल मागून काढली आणि सगळ्यात पुढे ठेवली. आणि बघा, प्रभूनं कसं उत्तर दिलं!

सगळे ‘आमेन’ म्हणाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. इतक्या आनंदानं कुणी आपला गुन्हा कबूल केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. चर्चचे पाळकसाहेब मात्र स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

घरी येऊन नवरा सरळ स्वयंपाकघरात गेला. बोलले ती मीच. देव वाकड्यातिकड्या माणसांकडूनच कामं करून घेतो, म्हणाले. पोरीचा यात काय दोष, म्हणाले. चार वर्षं कमी झाली का, म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तो ताटं मांडत होता आणि मला अडवतही नव्हता, याची मला जास्त चीड आली.

आणि बोलता बोलता माझ्या भोचकपणानंच माझा घात केला. माझ्या मनात आलं, पहिली फाइल कुणाची होती? बस्स, एवढंच. साचा समोर ठेवावा तशी ती बाई मला दिसायला लागली. तिनंही खेपा घातल्या असणार. तिच्यासाठीही बाईंनी उठून मोजलं असणार, आणि एक दिवस सांगितलं असणार, की आता तुमच्या पुढे कुणी नाही. तिनं छोटे कपडे धुऊन, वाळवून, घडी करून ठेवले असणार. मग काहीच झालं नाही, तेव्हा तिला वाटलं असणार, की आपलंच काहीतरी चुकलं. कदाचित तिनंही देवाशी बोलणं टाकलं असेल. सख्ख्या बहिणीला ओळखत नाही इतकी मी तिला ओळखत होते.

जेवायला बसलो. नवऱ्यानं डोळे मिटले, प्रार्थना म्हणत गेला आणि रोजच्या वाक्याशी येऊन अडला. ‘आमच्या बाळाला’ त्याच्या तोंडून निघेना. शेवटी मीच म्हणाले, ‘त्यांच्या बाळाला सांभाळ.’ त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

सोमवारी आम्ही दोघांनी कचेरीत आधी भाऊला गाठलं. तो म्हणाला, मी चोरी थोडीच केली, ताई? मी त्याला फक्त विचारलं, “भाऊ, सगळ्यात पुढे कुणाची फाइल होती?”

त्यानं बघितलंच नव्हतं. खरंच नव्हतं बघितलं. इतकी वर्षं आमच्यासाठी गुडघे झिजवताना तिकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. तो म्हणाला, बाईंना मीच सांगतो. आणि आमच्या पुढे होऊन आत गेला.

बाईंनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊला टपाल विभागात बसवलं, हे नंतर कळलं. बाईंनी कपाट उघडलं, तारखा बघत आमची फाइल मागे नेली, आणि मी न विचारताच म्हणाल्या, “आता चौतीस.” मग हात पुढे केला. मला आधी कळेचना कशासाठी. नवऱ्यानं माझी पर्स उघडली आणि फोटो काढून दिला. मला तो त्यांच्या हातून हिसकावून घ्यावासा वाटला. खोटं कशाला सांगू?

आम्ही उठलो. दारापर्यंत गेल्यावर नवरा थांबला.

“बाई,” तो म्हणाला, “त्यांना आजच कळवा. उद्यावर नका टाकू.”

बाईंनी आमच्याकडे बघितलं आणि सगळ्यात पुढची फाइल उघडून फोन जवळ ओढला. त्यांनी नंबर फिरवला. मी दार लोटून घेणार, तोवर त्या बोलायलाही लागल्या होत्या. पलीकडे कुणीतरी पहिली रिंग पुरी होऊच दिली नव्हती.