कोरडं तोंड, सुकलेलं तोंड

मी मंदा, ग्वाल्हेरच्या माधवगंजात राहते, शाळेत इतिहास शिकवते. तीन वर्षं माझ्या तोंडाला कोरड आहे. पाण्याशिवाय पोळीचा घास उतरत नाही, शिकवताना जीभ टाळूला चिकटते. पण इथे डॉक्टरांशी बोलायचं ते हिंदीत. मी आपली ऐटीत सांगायची, "डॉक्टर साहब, मेरा मुँह सूख जाता है." ते विचारायचे, "किस बात से घबराती हैं आप?" हिंदीत भीतीनंही 'मुँह सूखता है', हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिघांनी काळजी कमी करायच्या गोळ्या दिल्या, कोरड तसूभर हलली नाही.

घरी आमचे हे, म्हणजे महिपतराव, म्हणायचे, "मनाचे खेळ आहेत तुझ्या, नुसता वहम!" असा संताप व्हायचा! सोमवारची मनाच्या डॉक्टरांची वेळही त्यांनी घेऊन टाकली. जायची लाज नव्हती मला, पण खोटी ठरून जायचं नव्हतं. आणि खरं सांगते, हल्ली मलाच वाटायला लागलं होतं, हे म्हणतात तेच बरोबर असेल.

तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांनी माझे एकाच वेळी किडलेले पाच दात पाहिले आणि लाळेच्या ग्रंथींची सोनोग्राफी लिहून दिली. शनिवारी आम्ही दोघं गेलो. सोनोग्राफी करणारी डॉक्टर निघाली दाना ओली मोहल्ल्यातली श्रुती, आपली मराठी मुलगी!

"काकू, काय होतंय नेमकं?"

"अगं, लाळच सुटत नाही. समोर कोणी चिंच चोखली तरी नाही!"

तिच्या भुवया वर गेल्या. माझ्या जबड्याखाली गार जेल लावून ती मशीन फिरवत राहिली, मग कानापुढे, मग दुसरीकडे. 

"काका, आता तुम्ही झोपा."

"मी? माझा काय संबंध? मी तर एकदम फिट आहे."

"म्हणूनच."

हे कुरकुरत आडवे झाले. मग तिनं दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी लावली. यांची ग्रंथी घट्ट दह्यासारखी एकसारखी. माझ्यात जिकडेतिकडे काळे ठिपके, मूठभर तीळ सांडावेत तसे.

"शरीर चुकून आपल्याच लाळग्रंथींवर हल्ला करतंय, असं दिसतंय," श्रुती म्हणाली. "शोग्रेन म्हणतात याला. नुसत्या सोनोग्राफीवर पक्कं होत नाही. रक्त तपासावं लागेल, कदाचित ओठाच्या आतला छोटा तुकडाही. आजार मुळापासून जात नाही, पण सांभाळता येतो."

"पण दिसतंय ना? खरंच दिसतंय?"

"स्पष्ट दिसतंय, काकू."

मी तिला मिठीच मारली. तिचा पांढरा कोट जेलनं बरबटला. आजार निघाला म्हणून नाचणारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली असणार! आनंद, नुसता आनंद झाला मला. मी खोटी नव्हते.

हे मात्र पडद्यासमोर उभेच. एकदा स्वतःचं चित्र बघायचे, एकदा माझं. मग बाहेर गेले. दार उघडंच होतं. त्यांनी फोन लावला, सोमवारची वेळ रद्द करायला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर हे खणखणीत आवाजात म्हणाले,

"नहीं जी, उन्हें कोई वहम नहीं था. वहम मुझे था."