आयशाची स्कूटर आणि बंद फाटकं

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर. माझा रंग आकाशी होता, आता तो कुठं कुठंच उरलाय. कारखान्यातून मी आले ती थेट जुन्नरला, राजमहंमदचाचांच्या दारी. चाचा कुलपं दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी आयशा अर्थशास्त्रात संशोधन करू लागली, तेव्हा तिला गावोगाव फिरता यावं म्हणून त्यांनी मला घेतलं.

कोणाची कमाई किती आणि त्यातला किती हिस्सा करात जातो, हे आयशाला शोधायचं होतं. त्यासाठी बोरी बुद्रुकपासून लोणीपर्यंत आम्ही दोघी धुळीनं माखून फिरलो. लहान घरांत लगेच चहा मिळायचा. मोठ्या बंगल्यांची फाटकं मात्र उघडत नसत. ही करखात्याची बाई असावी, अशी तिथं शंका. पुण्याचे तिचे सर म्हणाले होते, श्रीमंतांची माहितीच नसेल तर विषमता मोजणार कशी? उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही तर विषय बदल. त्या दिवसांत आयशा हँडल घट्ट धरून मला चालवायची.

लोणीत मेंढ्या राखणारी तुकाबाई भेटली. आपण कसलाच कर भरत नाही, असं तिनं ठासून सांगितलं. मग साबणात, तेलात, मोबाइलच्या रिचार्जमध्ये कर कसा असतो आणि थोड्या कमाईला तो जास्त जड कसा जातो, हे आयशानं समजावलं. तुकाबाई विचारात पडली आणि एकदम हसली.

"म्हंजी सरकार माज्याबी पैशानं चालतं व्हय?"

आयशाची अडचण कळताच ती पदर खोचून माझ्यावर बसली आणि दादाभाऊंच्या बंगल्याकडं चल म्हणाली. दादाभाऊंचं मोठं कोल्ड स्टोरेज होतं. खतासाठी दरवर्षी तुकाबाईच्या मेंढ्या त्यांच्या रानात बसायच्या, म्हणून तिला पाहून फाटक उघडलं.

"दादाभाऊ, म्या माझं समदं सांगितलं पोरीला. आता तुमी सांगा."

दादाभाऊंनी डोकं खाजवलं. नाव कुठं छापून येणार नाही ना, एवढं विचारलं.

"नाही भाऊ, नाव कुणाला कळणार नाही," आयशा म्हणाली. "पण तुमचं घर गाळलं, तर चित्र अर्धंच राहील."

निर्मलावहिनींनी चहा टाकला. दादाभाऊ मोकळेपणी बोलले, वर दोन-चार बंगल्यांत फोनही केले. परतताना आयशा गात होती आणि मी चढावर एकदाही कुरकुरले नाही.

संशोधन पुरं होऊन आयशा डॉक्टर झाली. लोणीत एका आजीनं तिला दुखरा गुडघाही दाखवला! पुढं ती पुण्यात प्राध्यापक झाली. कर कसे आकारावेत, यावर सरकारी अधिकारी तिचं मत विचारू लागले. तिनं मोटार घेतली आणि मी चाचांच्या दुकानामागच्या छपराखाली पडून राहिले. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. कुणी विचारत नव्हतं, पण अंडी मी जपली.

यंदा आयशानं तीच गावं पुन्हा पाहायची ठरवली. बोळांत मोटार जाईना. तिनं मला धुतलं, नवे टायर घातले आणि किल्ली भाचीच्या, मनालच्या हाती दिली. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग शिकणारी मनाल आता सुट्टीत घरोघर फिरते.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या गाडीला उन्हापावसात टाकू नका. वेळेवर तेलपाणी करा. आणि देशाच्या कमाईचा हिशेब मांडाल, तेव्हा कुणाचं दार राहून तर गेलं नाही ना, तेवढं बघा. राहिलं असेल तर मला हाक मारा. किक मारली की मी अजूनही सुरू होते.