खाली उतरणारा सूर

ते मशीन म्हणजे आमच्या घरातली माझी सवत होती. लग्नात वाजवणाऱ्या बाकीच्या बेंजो पार्ट्यांकडे चकचकीत नवे कीबोर्ड आले, तरी आमचे हे तो जुना, लाकडी कडांचा सिंथेसायझर सोडायला तयार नव्हते. गरम झाला की त्याचा सूर हलायचा. पण हळदीला बोलावणं ह्यांनाच यायचं, कारण लखमा धवलारीण लग्नाचे धवळे गाताना सुरात हळूहळू खाली उतरते आणि तिच्याबरोबर उतरणारं दुसरं कुणी नव्हतं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा सुराच्या बटणावर. ती श्वासाला थांबली की हेही थांबायचे. माझ्यासाठी बाजारातसुद्धा कधी थांबले नाहीत.

हे गेले आणि पाठोपाठ मशीनही बंद पडायला लागलं. माझा मुलगा आदेश आसनगावला खोली घेऊन राहतो, मुंबईत कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं मशीन उघडून त्याचा एकेक आवाज मोजला आणि हुबेहूब तसंच लॅपटॉपमध्ये बनवलं. स्क्रीनवर त्याच लाकडी कडा, तीच बटणं. मग इंटरनेटवर ठेवलं, कुणीही घ्यावं म्हणून. बाबांचा आवाज जगभर जाईल म्हणाला. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

माझ्या लेकीच्या, पूजाच्या हळदीला त्यानं तो लॅपटॉप मांडवात लावला. आमच्यात हळद लागण्याआधी धवळ्यात घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावतात. लखमानं सासऱ्यांना बोलावलं, सासूला बोलावलं, मग ह्यांना. आणि आदेशच्या हाताखालचा सूर तिच्याबरोबर खाली उतरायला लागला.

आदेशचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते, तरी स्क्रीनवरचं बटण हळूहळू फिरत होतं. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. लखमाला खोकला आला, ती थांबली. आदेशची बोटं दाबलेलीच होती, पण आवाज थांबला. ती गायला लागली तेव्हाच परत आला. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी पदर तोंडाला लावून हसले. बायकांना वाटलं, लेकीच्या लग्नानं हिचं डोकं फिरलं.

हळद आटोपल्यावर लखमानं मला बाजूला घेतलं.

"चंद्रकला, बोलावलाय त्याला आता पाठव. नायतर पोरीच्या मागं सासरी जाईल. मेलेला बाप घरात असल्यावर पोर नांदत नाय."

एक दिवस तरी राहू दे, म्हणून मी तिच्या हातापाया पडले. तिनं ऐकलं नाही. पाठवायचं ते बायकोनंच, तेही नाव घेऊन, आणि उखाण्यातलं सोडलं तर मी ह्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. गाण्यात नवऱ्यालाही एकेरी बोलायचं असतं. जेवलास, लेकीला बघितलंस, आता जा, असं मी दारात उभी राहून गायले. आदेशनं पट्टी दाबून बघितली. सूर सरळ होता, जागचा हलत नव्हता. आदेशला हायसं वाटलं. मी गोठ्यामागे जाऊन पोटभर रडले.

पूजा सुखात नांदते आहे. पण काही दिवसांनी आदेश चेहरा पाडून घरी आला. इंटरनेटवरून मशीन घेतलेले लोक कुठून कुठून लिहीत होते. हळदीच्या दिवसापासून सूर आपोआप खाली उतरतो. कुणी गात असल्यासारखा मधेच थांबतो, वाट बघतो. बऱ्याच जणांना ते आवडलंही होतं. परदेशातल्या एका मुलीनं मात्र लिहिलं होतं की ती एकटी राहते, आणि लॅपटॉप बंद केला तरी खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं.

मी ह्यांना फक्त आमच्या दारातून पाठवलं होतं.

"तिला काय लिहू, आई?"

"लिही, त्याला जायला सांग. काळूराम म्हणून हाक मार, नायतर त्याला कळायचं नाय." आदेश लिहायला लागला. मला राहवलं नाही. "आणि आधी दोन घास वाढ म्हणावं. उपाशी नको पाठवू."