पोटात तीन फाइली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, तुमच्या पोटात तीन माणसे बसली आहेत. अगदी एकमेकांना खेटून, पण तिघांचा आपसात अबोला! पोट दुखेल की नाही? माझे दुखते. आणि मी रागावलेली आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. आजीने मला पडद्याच्या उरलेल्या जाड कापडातून शिवले. बंद उसवले तर हाताशी असावे म्हणून आतल्या खिशात दाभण आणि सुतळीही ठेवली. कित्येक वर्षे मी भाजी वाहिली. "पिशवी असावी तर अशी," असे शेजारणी म्हणत आणि मी फुगून जाई. मग आजीच्या पायाची जखम भरेना, रक्तदाबही वाढला. भाजी गेली आणि माझ्यात फाइली आल्या.

निळी फाइल दवाखान्यातल्या डॉक्टरांची. पिवळी, घरी येऊन जखमेची पट्टी बदलणाऱ्या नर्सबाईंची. हिरवी, आजीला अंघोळ घालायला सेवा कार्यालयातून येणाऱ्या ताईंची. माणसे वाईट नव्हती, बरे का. ताई तर पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन पाहत. पण प्रत्येक जण आपल्या रंगाची फाइल काढी, लिही आणि परत माझ्या पोटात सारी. शेजारची फाइल उघडायला असा कितीसा वेळ लागतो? पण ती पडली दुसऱ्या खात्याची!

एका सोमवारी डॉक्टरांनी निळ्या फाइलीत लिहिले, 'रक्तदाबाची गोळी दुप्पट. चक्कर येऊ शकते, लक्ष ठेवावे.' कोणी ठेवावे, ते लिहिले नाही.

मंगळवारी सकाळी आजी चक्कर येऊन ओट्यापाशी पडली. नर्सबाई आल्यावर ती ओशाळून म्हणाली, "सकाळी जरा पडले होते हो."

नर्सबाईंचे सारे लक्ष जखमेत. "छान केलंत! या वयात पडायलाच हवं. रोज दुपारी तासभर पडत जा." आणि त्यांनी पिवळ्या फाइलीत लिहिले, 'रुग्ण विश्रांती घेते.'

आजीची नात अकरा वर्षांची, काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार. म्हणून आजी तिला टाचणी म्हणते. ती शाळेतून आल्यावर आजी म्हणाली, "ऐकलंस का टाचणे? नर्सबाई म्हणतात, रोज तासभर पडत जा! इथे एकदा पडले तर कंबर धरलीय." दोघी खो खो हसल्या. "आईला सांगू नकोस हं, उगाच घोर लावून घेईल."

बुधवारी अंघोळ घालताना ताईंना कमरेवर काळानिळा डाग दिसला. "लागलं असेल कुठेतरी," आजी म्हणाली. हिरव्या फाइलीत दोनच शब्द उमटले, 'कमरेवर डाग.'

तीन दिवसांच्या तीन ओळी माझ्या पोटात एकमेकींना टेकून होत्या. एकत्र वाचल्या असत्या, तर तुमच्यापैकी कोणालाही कळले असते. पण पोटात ठेवण्यापलीकडे मला काय करता येते? त्याचाच संताप येतो.

शनिवारी आजी न्हाणीघरात पडली. मनगट मोडले.

माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. पिशवी फाटली तर ठिगळ लावता येते. माणूस मोडल्यावर मात्र ठिगळे शोधत बसू नका. आधी एकमेकांशी बोला!

दवाखान्यात आजीच्या खाटेभोवती सगळे जमले.

"आमच्याकडे पडल्याची नोंदच नाही," डॉक्टर म्हणाले.

"माझ्याकडे विश्रांती आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"मी डाग लिहिला होता की!" ताई फणकारल्या. "पण मला विचारतंय कोण?"

सेवा कार्यालयातले साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "पुन्हा पडल्या, तर घरी ठेवता येणार नाही. वृद्धांच्या संस्थेत हलवावं लागेल."

आजीने तोंड भिंतीकडे फिरवले.

टाचणीने मला खाटेवर पालथे केले. फाइली उघडल्या आणि सोमवार, मंगळवार, बुधवार असे तिन्ही रंग ओळीने मोठ्याने वाचले. "पडले म्हणजे झोपले नाही, नर्सबाई! पडले म्हणजे धाडकन पडले! आणि मी हसले होते तेव्हा."

नर्सबाईंनी पिवळ्या फाइलीतली 'विश्रांती' खोडली. डॉक्टरांनी हिरवी फाइल पहिल्यांदाच हातात घेतली, दोनदा वाचली आणि गोळी निम्मी केली.

साहेब मात्र घाईत होते. "झालं ना? आता आपापली फाइल ज्याने त्याने नीट लिहायची." आणि ते रंग वेगवेगळे करू लागले.

टाचणीने तिन्ही फाइली त्यांच्या हातून ओढून घेतल्या, एकीवर एक रचल्या. माझ्या आतल्या खिशात हात घालून दाभण काढले आणि सुतळी ओवली.

"अगं ए! फाइली फाडतेस काय?"

"फाडत नाहीये, काका. शिवतेय," ती म्हणाली आणि गुडघ्याने फाइली दाबून धरत तिने पहिला टाका आरपार घातला.