टकटकनं पास केलेलं हेल्मेट

कपबशांच्या कारखान्यात तिला सगळे टकटक म्हणत. अगदी साहेबसुद्धा. भट्टीतून निघालेला कप तिच्या हातातल्या लाकडी काडीचा टोला खाल्ल्याशिवाय खोक्यात जात नसे. काडी काठावर मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा आहे, मग कप दिसायला कितीही गोंडस असो. अकरा वर्षांत आपला कान एकदाही चुकलेला नाही, असं ती सांगे, आणि जरा जास्तच वेळा सांगे.

घरीही खोड सुटत नव्हती. कलिंगड असो, नवं पातेलं असो की खिडकीची काच, टिचकी मारल्याशिवाय ती काही घरात येऊ देत नसे. "हिला बघायला आलेल्या त्या मुलाच्या डोक्यावरही हिनं टिचकी मारली असणार," दादा म्हणे, "म्हणून तर तो परत फिरकला नाही." "मारली ना. बद्द वाजला," ती म्हणे, आणि बहीणभाऊ हसत सुटत.

तर या टकटकला बढती मिळाली. गावाबाहेर चौदा किलोमीटरवर कारखान्याची नवी शाखा सुरू होत होती आणि तिथल्या तपासणी खात्याची मुख्य म्हणून तिचं नाव लागलं होतं. सोमवारपासून, सकाळी सहाला हजर. त्या वेळेला तिकडं एकही बस जात नव्हती. साहेबानं आडपडदा न ठेवता सांगितलं, "वेळेवर पोचणार असाल तर खुर्ची तुमची. नाहीतर भट्टीवाल्याचा मेहुणा तयारच बसलाय." भट्टीवाल्याचा मेहुणा! त्याला खणखणीत आणि बद्द यांतला फरक कानाशी ढोल बडवून सांगितला असता तरी कळला नसता. टकटकनं त्याच आठवड्यात मोटारसायकल घेतली. चालवायला ती आधीच शिकली होती, कारखान्यामागच्या मैदानात, माल नेणाऱ्या ड्रायव्हरकडून, दुपारच्या सुट्टीत अर्धा डबा तसाच टाकून.

गाडी दारात उभी राहिली आणि दादाचा चेहरा पडला. सात वर्षांपूर्वी तो मोटारसायकलवरून पडला होता. डावा पाय तेव्हापासून आखडला तो आखडलाच, आणि दादा पुन्हा कधी दुचाकीवर बसला नाही. त्या दिवशी डोक्यावर असलेलं लाल हेल्मेट मात्र बाहेरच्या खोलीत कपाटावर होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. नवा माणूस आला की दादा ते खाली काढी. "ह्यानं वाचवलं मला. हे नसतं तर आज तुमच्याशी बोलायला मी नसतो." मग पाहुणा हेल्मेट हातात घेऊन मान हलवी, वहिनी चहा आणी आणि दादाची शाळकरी लेक बिस्किटं. दर रविवारी वहिनी ते ओल्या फडक्यानं पुसून जागेवर ठेवी.

"गाडी घेतलीस, घेतलीस," दादा म्हणाला. "पण डोक्यावर माझंच हेल्मेट घालायचं. एका माणसाला वाचवलेलं आहे ते. ते असलं तर माझ्या घशाखाली दोन घास उतरतील. नाहीतर गाडी दाराबाहेर काढायची नाही."

छत्तीस वर्षांच्या बाईला भावाची परवानगी लागत नव्हती. पण आईवडिलांमागं ज्यानं बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, त्याच्याशी भांडून पहिल्या दिवशी कामाला निघायचं तिच्या जिवावर आलं. तिनं हेल्मेट घेतलं, उलटं धरलं, सवयीनं चार बाजूंनी टिचक्या मारल्या. "खणखणीत!" ती म्हणाली. "पास." दादा एवढा खूष झाला की त्यानं स्वतः उठून चहा केला.

पुढची काच तेवढी ओरखड्यांनी पांढरी पडली होती. ती बदलायला म्हणून शनिवारी दुपारी ती दुकानात गेली.

दुकान बोळासारखं चिंचोळं, आणि दोन्ही भिंतींना छतापर्यंत हेल्मेटंच हेल्मेटं. दुकानदारानं चष्मा कपाळावर ढकलला, लाल हेल्मेट हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, "हे कधी पडलंय का?"

"पडलंय म्हणजे काय! माझ्या दादाचा जीव वाचवलाय त्यानं."

"मग काच कशाला बदलता? फुकट जाईल."

"असं कसं? ऐका." तिनं काउंटरवरच टिचकी मारून दाखवली. "कसं खणखणीत आहे."

"ताई, हे काय मडकं आहे?" असं म्हणून त्यानं आतलं कापडी अस्तर ओढून काढलं. खाली पांढरा, कडक, दाणेदार थर होता. "मार हा खातो. हा दबतो म्हणून डोकं दबत नाही. पण एकदा दबला की दबला, परत फुगत नाही. बाहेरून काही कळत नाही. अंगठा फिरवा इथं."

तिनं अंगठा फिरवला. डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा आत गेलेली होती, गुळगुळीत आणि टणक, आणि तिच्या मधून केसाएवढी बारीक भेग गेली होती. टकटकचे कान तापले. दादाच्या डोक्यावर पडायचा घाव इथं पडला होता, तो तिला बोटानं कळला, आणि डोळ्यांत पाणी आलं. पण पाठोपाठ दुसरीही गोष्ट कळली. हा माल तिनं पास केला होता! भट्टीवाल्याच्या मेहुण्यानं केला असता तर त्याला तिनं कारखाना डोक्यावर घेऊन झापलं असतं.

"म्हणजे आता परत पडलं तर?"

"आता ही नुसती लाल टोपी आहे," दुकानदार म्हणाला.

ती उभी राहून विचार करू लागली. काच बदलून गुपचूप घरी जाता येत होतं. दादा खूष, घर शांत, आणि रोज थोडंच कुणी पडतं? किंवा नवं घेऊन कारखान्यात लपवायचं, घरून लाल घालून निघायचं आणि कोपऱ्यावर बदलायचं. शाळकरी पोरींसारखं. त्या विचाराची तिला एवढी लाज वाटली की ती जवळजवळ ओरडलीच, "नवं दाखवा!"

दुकानदारानं मागं न बघता हात घातला आणि गुलाबी रंगाचं, फुलं काढलेलं, नुसतं टाळू झाकेल एवढं हेल्मेट पुढं केलं. "लेडीज. एकदम हलकं."

"ह्यात माझी हनुवटी कुठं जाते?"

"लेडीज हेच नेतात, ताई."

"रस्ता काय बाई की पुरुष विचारून लागतो? हनुवटीवर पडले तर तुम्ही येणार का जेवण भरवायला?"

दुकानदार हसला, चष्मा नाकावर घेतला आणि कामाला लागला. आता दोन तपासनीस समोरासमोर होते. पहिलं पूर्ण तोंडाचं हेल्मेट तिला फार आवडलं. आरामशीर होतं. "मान हलवा," तो म्हणाला. तिनं मान डावीकडं फिरवली आणि हेल्मेट जागच्या जागी राहिलं. एका डोळ्यापुढं अंधार. "आरामशीर म्हणजे सैल," तो म्हणाला. दुसरं घालताना कान सोलून निघाले आणि गाल दाबून तोंडाचा चंबू झाला.

"ह्यात बोलता येत नाही."

"बोलताय की. गाल दाबले गेलेच पाहिजेत, ते महिन्याभरात सैल होतं. पण कपाळ दुखता कामा नये. दहा मिनिटं घालून फिरा."

ती दुकानात येरझाऱ्या घालत राहिली. बाहेरून जाणारे थबकून बघत होते, तिनं काच वर करून एकाला "काय हवंय?" असं विचारलं तेव्हा तो सटकला. सहाव्या मिनिटाला कपाळाच्या मधोमध ठणका लागला. काढून बघते तर लाल वळ. "नापास," दोघं एकदमच म्हणाले. तिसऱ्यात कपाळ दुखलं नाही. हेल्मेट धरून हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलत होती. तिनं हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि दुकानदाराला मागून उचलायला सांगितलं. त्यानं दोन हातांनी जोर लावला. तिची टाच उचलली गेली, हेल्मेट निघालं नाही.

"रंग कुठला देऊ?"

"लांबून दिसेल तो."

अशा रीतीनं ती पिवळंजर्द हेल्मेट एका हातात आणि लाल दुसऱ्या हातात घेऊन घरी आली. दादा खुर्चीत बसला होता. त्यानं आधी पिवळ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"हे काय?"

"दादा, तुझं हेल्मेट चालणार नाही. ते आतून दबलंय."

"तूच टिचकी मारून पास केलंस ना?"

"चुकले." अकरा वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता, आणि निघाला तर आता दोनदा निघाला. "चुकले मी. हे टिचकीनं कळत नाही. इथं हात लाव."

दादानं हात लावला नाही. "दुकानदार काय सांगणार? नवं विकायला बसलाय तो. ज्यानं मला वाचवलं त्याला तू टाकाऊ म्हणतेस? काल आलेल्या माणसाचं खरं, आणि मी पडलो ते खोटं?" त्याचा आवाज चढला. "तुला नको ना? राहू दे. कपाटावर ठेव. आपली पोरगी मोठी झाली, गाडी चालवायला लागली, की ती घालेल."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी होती. ती आत गेली आणि बाहेर आली ती कात्री घेऊन. टकटकच्या हातात कात्री देत ती म्हणाली, "वन्सं, पट्टा कापा त्याचा."

"ठेव ती कात्री!" दादा म्हणाला.

"नाही ठेवत," वहिनी म्हणाली. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, पण या खोलीत हे दोन शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारले. "सात वर्षं पुसलंय मी ते. तुम्ही वाचलात म्हणून पुसलंय. पण माझ्या लेकीच्या डोक्यावर ते चढणार नाही."

कारखान्यात नापास कप बाजूला ठेवत नाहीत, जागच्या जागी फोडतात. बाजूला ठेवलेला कप कुणीतरी चांगला समजून उचलतो, हे टकटकला पक्कं ठाऊक होतं. पट्टा जाड होता, कात्री घसरत होती. वहिनीनं दोन्ही टोकं ताणून धरली. चौथ्या दाबाला पट्टा तुटला. दादा पाय ओढत बाहेर गेला आणि पायरीवर बसला.

थोड्या वेळानं टकटक त्याच्या शेजारी जाऊन बसली. समोर तिची मोटारसायकल उभी होती. माफी मागायची नाही, असं ती ठरवून आली होती, आणि तिनं मागितली नाही. तिनं विचारलं, "दादा, त्या दिवशी तू किती वेगात होतास?"

सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दादानं गाडीकडं बघितलं. "नव्वद," तो म्हणाला.

"बाजारातल्या रस्त्यावर?"

"बाजारातल्या रस्त्यावर." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "हेल्मेटनं वाचवलं म्हटलं की पुढचं कुणी विचारायचं नाही. मला ते बरं होतं. पण तू ही गाडी आणलीस आणि मला परत तोच रस्ता दिसायला लागला. जाऊ नकोस गं. घेऊ दे ती खुर्ची त्या मेहुण्याला."

दादाला असं विनवताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिचं मन भरून आलं. त्याचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, पण आवाज खाली आणला नाही.

"मी चाळीसनं जाईन," ती म्हणाली. "सव्वापाचला निघेन, म्हणजे घाई होणार नाही. पण जाईन, दादा. पडलास तू, म्हणून घरी बसणार नाही मी."