डावीकडे दोनच ठिपके

आमच्या फोटो स्टुडिओच्या शोकेसमध्ये एक बाई बावन्न वर्षं बसून होती. मान किंचित वळलेली, ओठ मिटलेले, हनुवटी लोण्यासारखी मऊ. बाकीचे फोटो येत-जात राहिले. नवरा-नवरी, बारशातली बाळं, एकदा तर एक कुत्रासुद्धा. ही मात्र तिथून हलली नाही. उन्हाने फिकी पडली की आप्पा नवी प्रिंट काढून लावायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचे हात थरथरायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि मीही चार वेळा तिची प्रिंट काढली, काही मनात न आणता.

"माझं सगळ्यात चांगलं काम," आप्पा सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

ते काम काय होतं, ते आधी सांगते. शहरात बाटल्यांचा कारखाना आला, तेव्हा डोंगरावरची माणसं कामासाठी खाली उतरली. त्यांच्या तोंडावर गोंदण असायचं, पुरुषांच्या कपाळावर आणि बायकांच्या हनुवटीवर. लोक त्यांना 'चितारलेले' म्हणायचे, तेही त्यांना ऐकू जाईल असं. माझ्या आजीने त्यांच्यासाठी दुकानात वेगळं स्टूल ठेवलं होतं, आणि त्यावर आम्ही मुलं चुकूनही बसायचो नाही. कारखान्याच्या फॉर्मवर फोटो लागायचा. फोटोत गोंदण दिसलं की तिथला कारकून 'फोटो खराब आहे' म्हणून फॉर्म परत करायचा. फोटो साफ असला की फॉर्म आत जायचा. मग गेटवर तोंड कोण बघतो? माणसं तर कमीच पडत होती.

तेव्हा आप्पांनी ते साफ करायला सुरुवात केली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची काळी रेघ तिथे पांढरी, आरपार दिसते. तिच्यावर आधी पातळ वॉर्निश लावायचं, मग सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने शिसं भरत जायचं. प्रिंट काढली की रेघ गायब. याचे आप्पांनी कधी जास्तीचे पैसे घेतले नाहीत. त्यांच्या पेन्सिलीवर निदान दोनशे चुली पेटल्या असतील. हे मी त्यांची लेक म्हणून नाही, खरं म्हणून सांगते.

शोकेसमधली बाई अशाच एका कामगाराची बायको. नोकरी पक्की झाली म्हणून नवरा तिला हौसेने फोटो काढायला घेऊन आला होता. त्या फोटोला ना फॉर्म होता, ना कारकून. तरीही आप्पांनी दोन दिवस बसून तिचं सगळं गोंदण बुजवलं. कोणी सांगितलं नव्हतं. हात बसला होता, दुसरं काय! न्यायला आली तेव्हा बाईने फोटो पाहिला, काउंटरवर परत ठेवला आणि म्हणाली, "ही मी नाही." नवरा ओशाळला. दोघं फोटो न घेताच निघून गेली.

हा किस्सा आप्पांनी आयुष्यभर रंगवून सांगितला. लग्नात सांगितला, हॉस्पिटलच्या खाटेवरून नर्सला सांगितला. "अहो, इतकं सुंदर करून दिलं की बिचारीला स्वतःचं रूप ओळखता येईना!" सगळे हसायचे. मीही हसायचे. ती बाई पुढे कित्येक वर्षं रस्त्याच्या पलीकडे उभी राहून शोकेसकडे बघत असायची. मी पळत आत जाऊन सांगायचे, "आप्पा, तुमचा फोटो आवडणारी आली!" आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा उन्हाळ्यात एक बाई दुकानात आली. तिशीची, अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश, हातात किल्ल्या. दारातूनच म्हणाली, "ताई, ती काचेतली माझी आजी आहे."

मी म्हटलं, "बसा." दुसरं काय बोलणार?

बसली नाही. तिची दोन नंबरची बस रोज आमच्यासमोर थांबते. गेल्या महिन्यात तिची आई त्या बसमध्ये होती आणि शोकेस बघून एकदम रडायला लागली. घरात त्या आजीचा एकही फोटो नाही. "फोटो नको मला," बसवाली म्हणाली. "त्याच्याखाली जे होतं ते हवंय."

तिला हनुवटीवर गोंदवून घ्यायचं होतं. आजीचंच, तिच्या घराण्याचं. गोंदणारी एकच म्हातारी उरली होती, आणि तिने सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत डोळे टिकतील असं वाटत नाही, आणि मनाने रचलेलं गोंदण मी देत नाही, तुझ्या आजीचं होतं तसं आण.

"आईला आठवत असेल की," मी म्हटलं.

"नाही आठवत. आईला शाळेत चितारलेलीची पोर म्हणायचे. ती आजीला शाळेच्या कोपऱ्यावरच थांबवायची. पुढे आजी बाहेर निघताना तोंडावर कापड घ्यायला लागली, मग घरातही. आई म्हणते, मी आईच्या तोंडाकडे कधी नीट पाहिलंच नाही." हे सगळं ती बसचे थांबे सांगावेत तशा आवाजात सांगत होती.

माझी लेक मागे कॉम्प्युटरवर बसली होती. चोवीस वर्षांची, सगळं वाचलेली. ती उठली आणि थेट आप्पांच्या खुर्चीकडे गेली. "आजोबा, तुम्ही केलंत तो वंशद्वेष आहे."

आप्पांनी कानामागे हात धरला. "काय आहे?"

"वंशद्वेष!"

"मी? अगं, मी फुकट करून दिलं!"

एरवी मी हसले असते. लेक बसवालीकडे वळली. "काळजी करू नका, मी कॉम्प्युटरवर बनवून देते. तुमच्या लोकांचे जुने नमुने मिळतात, त्यातून..."

"माझ्या लोकांचे नको," बसवाली म्हणाली. "माझ्या आजीचं हवंय." लेक गप्प बसली. तिला गप्प बसवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

निगेटिव्ह होती. आप्पांच्या कपाटात, बटरपेपरात गुंडाळलेली. शिसं वरवरचंच असतं, टर्पेंटाइनने वॉर्निश निघालं की त्याच्यासोबत तेही निघतं. पण बावन्न वर्षांची फिल्म. तिचा वरचा थर कडेने सुटायला लागला होता. कापूस जरा जोरात फिरला तर चेहराच पुसला जायचा. शिवाय वॉर्निश आप्पा स्वतः बनवायचे. त्यात काय घातलं होतं आणि ते कशाने किती सुटेल, हे त्यांनाच माहीत.

"नाही," आप्पा म्हणाले. "खराब होईल."

"आप्पा, तिला गरज आहे."

"तो फोटो हे माझं नाव आहे. उद्या मी मेलो की काय राहणार माझं? पासपोर्ट फोटो?" मग ते बसवालीकडे वळले. आवाज चढला होता. "तुझ्या आजोबाला नोकरी कोणामुळे लागली, विचार घरी!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "आजोबा तुमचं नाव काढायचे. त्यांच्या फोटोबद्दल मी एक शब्द बोलत नाहीये. तो त्यांनी मागितला होता. आजीने मागितलं नव्हतं."

आप्पांनी गुडघे चोळले. मग लेकीला म्हणाले, "कागद दे."

त्यांनी हनुवटी काढली. हात थरथरत होता, पण कुठे अडला नाही. मधोमध एक उभी रेघ. दोन्ही बाजूंना चार-चार, बाहेरची थोडी वाकडी. उजव्या टोकाला तीन ठिपके, डाव्या टोकाला दोन.

"हे घे. निगेटिव्हला हात लावायची गरज नाही."

बसवालीने कागद पाहिला आणि काउंटरवर ठेवला. "आजोबा, राग मानू नका. ज्यांनी पुसलं त्यांच्या शब्दावर मी तोंडावर काही कोरून घेणार नाही."

कागद ठेवण्याची ती जागा मला किश्श्यातली, ओळखीची वाटली. आप्पांनाही वाटली असावी. ते म्हणाले, "टर्पेंटाइन आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. उतरत्या काचेचं जुनं डेस्क, खाली दिवा, आप्पांच्या डोळ्याला भिंग. त्यांचं मनगट मी खालून धरलं होतं. बसवाली ड्यूटी बदलून आईला घेऊन आली होती. छप्पन्न वर्षांची ती बाई पर्स छातीशी धरून भिंतीलगत उभी राहिली. मी खुर्ची दिली तरी बसेना, मग मी आग्रह सोडला.

आप्पा उजव्या बाजूने लागले. कापसाचा बोंडाएवढा तुकडा, एक थेंब, हलकं फिरवायचं, तुकडा टाकायचा, नवा घ्यायचा. कापूस राखाडी होत गेला. पहिली रेघ दिसली तेव्हा लेकीने तोंडावर हात ठेवला. दुसरी, तिसरी, चौथी, तीन ठिपके. मग मधली. बसवालीने कागद शेजारी धरला. रेघ न रेघ तशीच होती. वाकडेपणासुद्धा.

"तुम्हाला एवढं कसं लक्षात राहिलं?" लेकीने विचारलं. आवाजातला वाचलेपणा उतरला होता.

"दोन दिवस एकेक रेघ बुजवली मी," आप्पा म्हणाले. "बघितल्याशिवाय बुजवता येते का?"

मग ते डावीकडे वळले. तिथेच ते झालं. कापूस टेकला आणि कडेचा थर कातडी निघावी तसा कापसासोबत उचलला गेला. डावी हनुवटी आणि गालाचा खालचा भाग गेला. नुसती डेस्कची काच दिसत होती, तिच्याखालचा दिवा दिसत होता.

आप्पांनी भिंग काढलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या बापाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. माझी आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

"दोन्ही बाजू सारख्याच असणार ना?" लेक हळूच म्हणाली. "उजवी उलटी करून लावता येईल. मग डावीकडेही तीन ठिपके."

"दोनच," आप्पा म्हणाले. "डावीकडे दोनच. तिसरा नव्हता."

"आजोबा, पण पुरावा..."

"मी सांगतो ना, नव्हता! मला तेव्हाच खटकलं होतं. म्हटलं, बरं झालं, एक ठिपका कमी बुजवावा लागला."

भिंतीजवळून आवाज आला. बसवालीची आई बोलत होती. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"तो माझ्यामुळे राहिला."

आम्ही सगळे वळलो.

"गोंदताना मी रडायला लागले. वर्षाची होते. ती मला घ्यायला उठली, आणि पुन्हा बसणं झालंच नाही. मला चिडवायची. म्हणायची, तू माझा एक ठिपका खाल्लास." ती पुढे आली, डेस्कवर वाकली आणि पर्स खाली पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. "कोणत्या बाजूचा ते मी विसरले होते. मी तिला म्हणायचे, बरं झालं राहिला, सगळेच राहिले असते तर आणखी बरं झालं असतं. असं म्हणायचे मी आईला."

बसवालीने आईचा दंड धरला. आप्पांनी काढलेला कागद तिने चार घड्या करून गणवेशाच्या खिशात ठेवला, वरच्या, बटणाच्या खिशात.

निगेटिव्ह अर्धी उरली होती. तिची मी एक प्रिंट काढून दिली. डावीकडे काळा डाग, उजवीकडे आजी. बसवालीच्या आईने ती प्रिंट दोन्ही हातांनी धरली. शोकेसमधली जुनी प्रिंट मी काढून आणली आणि विचारलं, हिचं काय करू?

"ती तुमची," आई म्हणाली. "ती आमच्याकडची नाही."

दिवाळीच्या आधी बसवाली पुन्हा आली. गणवेशातच, डेपोच्या ओळखपत्रासाठी नवा फोटो हवा म्हणून. हनुवटीवर मधली रेघ, चार-चार बाजूला, उजवीकडे तीन ठिपके, डावीकडे दोन. अजून जरा सुजलं होतं. साहेबांनी नाक मुरडलं, ती म्हणाली, पण तसं लिहून द्यायची हिंमत नाही झाली. फोटो मी काढला. शोकेसमध्ये लावू का, असं विचारायला तोंड उघडलं तर तिनेच सांगितलं, "काचेत लावू नका हं ताई." नाही लावला. तिथे आता एक घड्याळ आहे.

लेकीने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. आप्पा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना त्या पडद्यातलं फारसं दिसत नाही, तरी बसतात. बराच वेळ नाक लावून बघत होते. आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत होतो.

"काही काढायचंय का?" त्यांनी विचारलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. बसवाली आप्पांकडे बघत राहिली.

"नाकावर एक पुटकुळी आहे," आप्पा म्हणाले. "म्हणून विचारतो. तू म्हणशील तसं."

ती हसली. मला वाटतं, आमच्या दुकानात ती पहिल्यांदाच हसली.

"ती काढा," ती म्हणाली.